फायबरची जुनी होडी घरी दुरुस्त करायची असेल तर रंगाचा डबा आत्ता उघडू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की भरूचकडून १६ फुटी फायबरची मासेमारीची होडी घेतलीस, वीसेक वर्षं जुनी आहे, बडोद्यात मांजलपूरच्या प्लॉटवर ठेवली होती आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात दोन-तीन दिवस पाण्यात होती, मागे मशीन (इंजिन) लावायची पाटी दाबली की दबते, आतला फ्लोअर चालताना लपलप करतो, बाहेरचा निळा रंग हाताला लागतो, आणि तुला दिवाळीच्या आधी सगळीकडे घासून, पुट्टी मारून, रंग करून ती चांदोदला नर्मदेत उतरवायची आहे. घरच्या घरी जमेल का असं विचारलंयस.

जमेल. मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) तीस-एकतीस वर्षं फायबरच्या टाक्या आणि लायनिंगचं काम केलंय, आणि त्यातली शेवटची बारा-पंधरा वर्षं ओळखीपाळखीच्या होड्याही केल्या आहेत, त्यामुळे हे काम हौशी माणूस शनिवार-रविवार करून नीट करू शकतो हे मी खात्रीने सांगतो. पण दिवाळीच्या आधी नाही, आणि रंगापासून तर नाहीच नाही.

कारण काय, तर फायबरची होडी फायबरमुळे मरत नाही. काच, म्हणजे फायबरमधले काचेचे धागे, आणि त्यांना बांधणारं रेझिन वीस काय चाळीस वर्षंसुद्धा टिकतं. मरतं ते आतलं लाकूड. ट्रान्सममध्ये, म्हणजे तू ज्याला मागची पाटी म्हणतोयस त्यात, दोन फायबरच्या थरांच्या मध्ये प्लाय असतो, फ्लोअरच्या खाली लांबीत ज्या पट्ट्या जातात त्या स्ट्रिंगरमध्येही लाकूड असतं, आणि कुठल्यातरी एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं की ते बाहेर यायला जागाच नसते कारण दोन्ही बाजूंनी फायबर, मग ते लाकूड आतल्या आत वर्षानुवर्षं कुजत राहतं आणि बाहेरून होडी चकाचक दिसते. तू वरून रंग मारलास तर ते पाणी आत आणखी पक्कं कोंडशील. म्हणून पहिला प्रश्न एकच, पाणी कुठे आहे आणि कुठून गेलं. बाकीचं सगळं काम त्या उत्तरावरून ठरतं.

ते शोधायचं कसं ते सांगतो. एक प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी घे, नसेल तर स्क्रूड्रायव्हरची मूठ चालेल, आणि सगळ्या होडीवर दोन-दोन इंचावर हलकं ठोकत जा. चांगल्या जागी आवाज खणखणीत, आखूड येतो. जिथे थर सुटलाय किंवा लाकूड ओलं आहे तिथे ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा थप असा आवाज येतो. खडूने खूण करत जा. घाई करू नकोस, अख्खी सकाळ जाईल पण हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि दुपारी शेजारच्यांचा टीव्ही चालू असताना नको, आवाजातला फरक कळत नाही.

मग ट्रान्समला आतल्या बाजूने, बाहेरून नाही, ५ मिलिमीटरच्या ड्रिलने चार-पाच ठिकाणी भोक पाड, फक्त आतलं फायबर आणि लाकूड जाईल एवढंच, बाहेरच्या फायबरला धक्का लावायचा नाही. सगळ्यात खालचं भोक ड्रेन प्लगच्या, म्हणजे पाणी काढायच्या बुचाच्या, बाजूला पाड. आणि ड्रिलला जो भुसा चिकटून येतो तो तळहातावर घेऊन बघ. पिवळा, कोरडा, लाकडाचा वास असलेला आला तर देवाची कृपा. काळपट, चिंधीसारखा, दाबला की पाणी सुटणारा आला तर तो प्लाय गेला. मागच्या वेळेला मी एक होडी उघडली तेव्हा ड्रिल बाहेर काढल्याबरोबर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी बारीक धार लागून यायला लागलं, आंबूस वास, आणि ते पाऊण तास टपकत होतं. मालक म्हणे वरून तर एकदम नवी दिसते. तुझी पाटी हाताने दबते म्हणतोस म्हणजे मला तरी शंका नाही, उघडावी लागणार. पण भोकं पाडून बघ म्हणजे तुझीही खात्री होईल.

आणखी एक. होडी टेम्पोत घालून वजनकाट्यावर ने, भरलेला टेम्पो आणि मग रिकामा टेम्पो, दोन्ही पावत्या जपून ठेव. फ्लोअरखाली जो पिवळा फोम भरलेला असतो तो नवा असताना पाणी पीत नाही पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला की पितो, आणि तुझी तर पुरात बुडाली होती. त्या वेळी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, आपल्या सगळ्यांच्याच घरात गाळ आला, तसाच तो होडीच्या फ्लोअरखालीही गेला असणार, आणि ते नुसतं पाणी नाही, गटाराचं मिसळलेलं आहे. काम झाल्यावर पुन्हा काट्यावर घाल, किती किलो पाणी तू वाहून नेणार होतास ते तुझ्या डोळ्याने दिसेल. (आणि होडी पालथी पडलेली असेल तर उचलायच्या आधी लांब काठीने खालून ढवळून बघ. पुरानंतर सोसायट्यांमध्ये मगरी आणि साप निघाले होते हे तुला सांगायला नको.)

आता वेळेचं. गणपती विसर्जन झालं की ऊन पडायला लागतं. तोपर्यंत होडीवर ताडपत्री टाक पण घट्ट गुंडाळू नकोस, मध्ये बांबूचा कणा घालून तंबूसारखी, दोन्ही बाजूंनी वारा जाईल अशी. नाळेचं, म्हणजे पुढचं, टोक एक फूटभर वर उचलून ठेव, ड्रेन प्लग काढून टाक, फ्लोअर कापून ओला फोम सगळा खणून काढ. नवरात्र आणि ऑक्टोबरचं कडक ऊन हे तुझं फुकटचं ड्रायर आहे, ते पूर्ण वापर. फायबरचं काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हवेत ओल इतकी असते की काच ओल खाते, रेझिन दुधाळ होतं, चिकट राहतं. आणि एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्रीत रेझिन बादलीतच उकळतं. मी सुरुवातीच्या वर्षांत मे महिन्याच्या दुपारी पाच किलो एकदम मिसळलं होतं, दहा मिनिटांत बादलीतून धूर यायला लागला, बादली वितळून खाली बसली, आणि ती अंगणात ओढत नेताना माझ्या हाताला भाजलं. तेव्हापासून एका वेळी अर्धा-पाऊण किलोच्या वर मी कधी मिसळत नाही, आणि मिसळलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओततो, कारण खोल भांड्यात उष्णता साठते आणि पसरटात निघून जाते.

सामानाची तुला अडचण यायची नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ ला सुरू झाली, मग बाकीच्या केमिकल कंपन्या आल्या, नंदेसरीचं केमिकल आलं, आणि अॅसिडच्या टाक्या, डक्ट, पाइप फायबरचे लागायला लागले, म्हणून बडोद्यात रेझिन, मॅट (काचेच्या धाग्यांची चटई), जेलकोट (सगळ्यात बाहेरचा रंगीत थर) विकणारे व्यापारी किती तरी आहेत, किलोवर सुटं देतात. फक्त दुकानात जाऊन नुसतं "रेझिन द्या" म्हणू नकोस. तो तुला जीपी देईल, म्हणजे साधं जनरल पर्पज पॉलिएस्टर, जे पत्र्याच्या शेडच्या शीटला ठीक आहे. कायम पाण्याला लागणाऱ्या कामाला आयसोफ्थॅलिक माग, दुकानात त्याला आयसो म्हणतात, आणि परवडत असेल तर व्हिनाइल एस्टर.

पण मी तुला सांगेन की लाकडाशी संबंध येतो ते सगळं, ट्रान्सम, स्ट्रिंगर, फ्लोअर, इपॉक्सीत कर, आणि बाहेरचे लहानसहान पॅच आयसोमध्ये कर. इपॉक्सी महाग पडतं पण लाकडाला आणि जुन्या सुकलेल्या फायबरला ते पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी चांगलं धरतं, आणि पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनचा वास नाही, सोसायटीत हा मुद्दा लहान नाहीये. बाहेर पॉलिएस्टर अशासाठी की त्यावर जेलकोट बसतो. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही, म्हणून एकदा एखाद्या जागी इपॉक्सी केलं की पुढे तिथे इपॉक्सी आणि वर रंग, परत मागे यायचं नाही.

इथे आमच्या लाइनमधल्या जुन्या कारागिरांचीही एक चूक होते ती सांगतो. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के घालतात आणि थंडीत थोडं जास्त, उन्हात थोडं कमी असं चालतं, तो फक्त प्रक्रिया सुरू करून देतो. इपॉक्सीचा हार्डनर तसा नाही, तो स्वतः अर्धा भागीदार आहे, डब्यावर १०० ला ५० लिहिलंय तर ५०, ना ४५ ना ५५. लवकर सुकावं म्हणून जास्त घातला तर ते कायमचं रबरासारखं मऊ राहतं आणि मग खरवडून काढण्याशिवाय उपाय नाही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा डिजिटल काटा आण, पण मग तो परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

पॉलिएस्टरच्या हार्डनरबद्दल मात्र अगदी गंभीरपणे वाच. तो एमईकेपी असतो, पाण्यासारखा दिसतो. डोळ्यात एक थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून बाटली उघडायच्या आधी गॉगल, चष्मा नाही, सगळीकडून बंद गॉगल, आणि जवळ पाण्याची भरलेली बादली. गेलाच तर निदान १५ मिनिटं सतत पाण्याने धुवायचं आणि मग तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दुसरं, कोबाल्ट, म्हणजे जांभळं अॅक्सिलरेटर, आणि हा हार्डनर एकमेकात थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोघांचे मापाचे ग्लास वेगळे, ठेवायची कपाटंही वेगळी. शक्य असेल तर दुकानदाराकडूनच कोबाल्ट घातलेलं रेझिन आण म्हणजे तुझ्या घरी ती बाटली येणारच नाही. उरलेलं रेझिन, हार्डनर लागलेली फडकी, हे घरात कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, बाहेर पाण्याच्या बादलीत टाकायचं.

आता ट्रान्सम. हे जरा सविस्तर सांगतो कारण जीव इथे आहे, चाळीस-पन्नास किलोचं मशीन ह्या एका पाटीवर लटकतं आणि थ्रॉटल दिला की सगळी ओढ इथेच येते.

उघडायचं आतून. बाहेरचं फायबर तसंच ठेवायचं कारण होडीचा आकार त्याने धरलेला आहे. पण आतलं काढलं की बाहेरची साल पापडासारखी हलते, म्हणून कापायच्या आधी होडी ट्रेलरवर किंवा लाकडी घोड्यांवर सपाट बसव, दोन्ही काठांना आडवी एक फळी स्क्रूने ठोकून टाक, आणि बाहेरून पाटीला एक सरळ फळी टेकवून बघ, बाक आधीच आला असेल तर तो आत्ताच काढायचा, नंतर निघत नाही. मग ग्राइंडरला डायमंडचं चाक लावून कडेपासून दोन-अडीच इंच सोडून आतली साल चौकोनी काप आणि पटाशीने उचल. कुजलेला प्लाय हाताने चिखलासारखा निघेल, आणि जिथे चांगला आहे तिथे तासभर घाम काढेल. चांगला राहिलेला तुकडा ठेवायचा मोह होतो, ठेवू नकोस. मी एकदा वरचा निम्मा प्लाय कोरडा वाटला म्हणून ठेवला होता आणि खालून नवीन जोडला, दीड वर्षात जोडावरच बाहेरून तडा दिसायला लागला, कारण कोरडा वाटणारा भाग आतून ओला होताच. ते सगळं काम मी पुन्हा केलं, स्वतःच्या खर्चाने.

काढलेल्या सालीचा रुपयाएवढा एक तुकडा घे आणि उघड्यावर, लांब उभं राहून, चिमट्यात धरून ब्लोटॉर्चने जाळ. रेझिन जळून जातं आणि काच उरते, मग थंड झाल्यावर ती नखाने थर थर सुटी होते. हा मॅटचा थर, हा रोव्हिंगचा, म्हणजे विणलेल्या जाड धाग्यांचा, परत मॅट, असं मोजता येतं. ज्याने ही होडी बनवली त्याने आत काय घातलं होतं ते त्या राखाडी काचेत लिहिलेलं असतं. तेवढे थर तुला परत घालायचेत, वर एक जास्त.

नवीन प्लाय आयएस ७१० चाच घे, शिक्का बघून, मरीन प्लाय म्हणून दुकानदार आयएस ३०३ दाखवेल, तो फर्निचरचा आहे. १८ मिलिमीटरचे दोन, एकमेकांना इपॉक्सीने चिकटवून ३६. आधी पुठ्ठ्याचा नमुना काप, बसवून बघ, मग प्लाय. बसवायच्या आधी प्लायच्या सगळ्या कडांना, विशेषतः खालच्या कडेला, पातळ इपॉक्सी पाज, त्या पितात तोवर पाजत राहा, तीन-चार हात लागतील. पाणी प्लायमध्ये कडेनेच शिरतं, सपाट बाजूने नाही.

बाहेरच्या सालीला आतून ३६ ग्रिटच्या कागदाने खरखरीत घास, आणि प्लाय टेकवायच्या आधी इपॉक्सीत एरोसिल (सिलिकाची अगदी बारीक पावडर) मिसळून श्रीखंडाइतकी घट्ट पुट्टी करून दातेरी पट्टीने सगळीकडे पसर. ही पायरी लोक वाचवतात. कोरडी बसवली की मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी साठतं, आणि तू जिथून सुरू केलं होतंस तिथेच परत. क्लॅम्प लाव, मशीनच्या बोल्टच्या भोकांतून बोल्ट घालून दोन्हीकडून फळ्या आवळ, कडेने पुट्टी बाहेर आली म्हणजे आत भरली. फार जोरात आवळू नकोस, सगळी पुट्टी पिळून निघाली तर धरायला काहीच उरत नाही.

सुकल्यावर कोपऱ्यांत बोटाने गोलाई दे, निदान अंगठ्याएवढी, कारण काच काटकोनात वळत नाही, उचलते आणि खाली हवा राहते. मग कापड. इपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड मॅट घेऊ नकोस, तिच्यातला चिकटा स्टायरिनमध्ये विरघळायचा असतो, इपॉक्सीत बऱ्याच मॅटचा विरघळत नाही आणि मॅट कडक राहते. ६०० ग्रॅमचं विणलेलं किंवा शिवलेलं कापड घे. तीन थर, प्रत्येक थर बाजूच्या भिंतीवर आधीच्यापेक्षा इंचभर पुढे, शेवटचा निदान सहा इंच. हिशोब सांगतो, ट्रान्सम आणि बाजूचं वळण धरून दर थराला सव्वा चौरस मीटर धर, तीन थरांना कापड सव्वादोन किलोच्या आसपास, रेझिन साधारण तेवढंच, आणि पुट्टी-लाकूड पाजायला दीड-दोन किलो वेगळं. म्हणजे चार-साडेचार किलो इपॉक्सीत ट्रान्सम होतो.

कापड भिजताना नीट बघ. पांढरं असतं, रेझिन प्यालं की एकदम पारदर्शक होतं आणि खालची पुट्टी दिसायला लागते. जिथे पांढरं ठिपकं राहिलं तिथे हवा आहे. रेझिन वरून ओतून ते जात नाही, दातेरी लोखंडी रोलरने मधून कडेकडे हवा ढकलायची, आणि तो रोलर कोरड्या जागेवरून जाताना करकर करतो, भिजलेल्यावरून चिकट सळसळतो. दोन दिवसांत तुझा कान बसेल. रेझिन जास्त झालं, डबकं साठलं, तर तेही काढ, ताकद काचेची असते, जास्तीचं रेझिन नुसतं वजन आणि तडा.

एका रात्रीनंतर इपॉक्सीवर मेणचट ओला पापुद्रा जाणवतो, विशेषतः थंडीत. तो साध्या पाण्याने आणि स्कॉच ब्राइटने धुवून काढायचा, मगच घासायचं. घासून काढायला गेलास तर तोच आत रगडला जातो.

मशीनच्या बोल्टची भोकं आणि ड्रेनचं भोक. माझ्या अनुभवात जुन्या होड्यांत पाणी सगळ्यात जास्त ह्यांच्यातूनच गेलेलं असतं, आणि तुझ्याही. १२ चा बोल्ट असेल तर भोक आधी २० चं पाड, ते सगळं इपॉक्सी पुट्टीने ठासून भर, सुकू दे, मग त्याच्या मधोमध १२ चं पाड. आता बोल्टच्या भोवती प्लाय उघडा राहतच नाही, सगळीकडून इपॉक्सीची नळी झाली. होडीला जो स्क्रू लागतो, दोर बांधायच्या कड्या, रॉड होल्डर, सगळ्याला हेच. सीलंट पॉलियुरेथेनचं, सिकाफ्लेक्ससारखं, बाथरूमचं आंबट वासाचं सिलिकॉन नको, त्यावर पुढे काहीच चिकटत नाही. बोल्ट ३१६ स्टीलचे.

आणि मशीन घ्यायच्या आधी ट्रान्समची उंची मोज, १५ इंच म्हणजे शॉर्ट शाफ्ट, २० म्हणजे लाँग.

स्ट्रिंगर आणि फ्लोअरला हीच पद्धत, त्यात नवीन काही नाही. फक्त सगळे स्ट्रिंगर एकदम काढू नकोस, एक काढ, एक बसव, नाहीतर तळाचा आकार बदलतो. आणि पाणी मागे वाहून जायला स्ट्रिंगरला खाली भोकं ठेव, ती आतून इपॉक्सीने मढव.

फोमबद्दल मात्र थांबून सांगतो. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणीच्या तलावात होडी उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर बडोद्यात होडीचं नाव काढताना मला आधी तेच आठवतं, आणि जो कोणी मला होडी दुरुस्तीला विचारतो त्याला मी तरंगण्याचा हिशोब केल्याशिवाय सोडत नाही. फायबर पाण्यापेक्षा जड आहे, भरली की ती बुडते. २५० किलोची होडी पाण्याखाली साधारण ८०-८५ किलो भरते, मशीन आणखी ३०-३५ किलो. १०० लिटर फोम ९५ किलोच्या आसपास उचलतो. म्हणजे २०० लिटर फोम असेल तर भरलेली होडीसुद्धा वर राहते आणि दोन-तीन माणसं तिला धरून लटकू शकतात. पण तो सगळा तळात घातलास तर भरलेली होडी उलटी होते, म्हणून निम्मा तरी बाजूंच्या काठाखाली उंचावर आणि मशीनच्या दोन्ही बाजूंना घाल. बंद पेशींचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम घे. थर्माकोल स्वस्त म्हणून घालू नकोस, पॉलिएस्टरचं स्टायरिन त्याला खातं. एकाने थर्माकोलवर थेट पॉलिएस्टर मारलेलं मी बघितलंय, अर्ध्या तासात आत पोकळी आणि तळाशी चिकट लगदा. आणि लाइफ जॅकेट माणशी एक, होडीत ठेवलेलं नाही, अंगात घातलेलं.

आता बाहेरचं. जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे असतील ते नुसते भरू नकोस, व्ही आकारात कोरून बघ. कुठल्यातरी दगडाचा मार असेल तर भरून काम झालं. पण एका ओळीत, फ्लोअरच्या कडेशी असतील तर खालचा तळ लवतोय, आतून मजबुती दिल्याशिवाय ते परत येणार. आरपार भोक असेल तर कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या बारापट. तळ ५ मिलिमीटर तर सगळ्या बाजूंनी ६० मिलिमीटर, म्हणजे दोन इंचाच्या भोकाला जवळजवळ सात इंचाचा पॅच. हे बघून लोकांना वाटतं एवढं चांगलं फायबर कशाला घासायचं. पण नवा थर जुन्याला रासायनिक जोडला जात नाही, फक्त चिकटतो, म्हणून चिकटायला जागा लागते. घासायच्या आधी अॅसिटोनने पुस, नंतर नाही, नाहीतर जुनं मेण आणि तेल कागदाने आत जातं. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर, म्हणजे पाच थर, मोठा तुकडा आधी. मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. आणि वरून जेलकोट हवेत चिकटच राहतो, त्याला मेण घातलेला टॉपकोट माग किंवा वर मायलरची (प्लास्टिकची) शीट दाबून सुकव.

सगळ्यात शेवटी तुझा निळा रंग. हाताला लागतो म्हणजे जेलकोट उन्हाने भुकटला आहे, मेला आहे असं नाही. एक फूटभर जागा ८०० च्या ओल्या कागदाने, मग १२०० ने घासून कंपाउंड मार आणि मेण लाव. चकाकी आली तर रंगाचा खर्चच वाचला. जिथे इपॉक्सी केलंय तिथे टू-पॅक पीयू रंग, पण ब्रश-रोलरने, घरी स्प्रे अजिबात नको, त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुफ्फुसाला लागतं आणि एकदा अॅलर्जी झाली की जन्माची. होडी ट्रेलरवर राहणार असेल तर शेवाळाचा अँटीफाउलिंग रंग नको.

ग्राइंडिंग सोसायटीत करू नकोस. काचेची धूळ लोकांच्या गच्चीवरच्या वाळवणात जाते, लहान मुलं असतात. मकरपुऱ्यात एखाद्या शेडचा कोपरा दोन दिवस भाड्याने मिळतो, कापाकापी आणि घासणं तिथे उरकून घे, घरी फक्त भरायचं काम आण. पूर्ण बाह्या, मनगटाला टेप, धुळीचं कार्ट्रिज असलेला मास्क, आणि पॉलिएस्टरच्या वेळी वासाचं कार्ट्रिज, कापडी मास्कचा उपयोग शून्य. अंघोळ आधी गार पाण्याने, गरम पाण्याने काच आणखी आत रुतते. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

हे सगळं होईपर्यंत होळी येईल. मग चांदोदला नेण्याआधी घरीच एक कर. होडी ट्रेलरवर असताना ड्रेन प्लग लावून आत नळाने चार-पाच इंच पाणी भर, ट्रेलरला पेलेल एवढंच, आणि खाली कोरडा पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेव. सकाळी पुठ्ठ्यावर डाग असेल तर बरोबर त्याच्या वर भोक आहे. नसेल तर प्लग काढून पाणी सोड, प्लगला दोरी बांधून ती ट्रान्समच्या कडीला अडकव, आणि नदीवर जाताना बरोबर एक जास्तीचा प्लग ने.